कोर्टात उभा राहिलेला माणूस

शंका घेण्याबद्दल पगार मिळालेल्या मोजक्या बायकांपैकी मी एक आहे. पुण्यातल्या सरकारी दप्तरखान्यात मी एकवीस वर्षं मोडी कागद वाचले. समोर आलेला कागद खरा की बनावट, लिहिणारा कोण, लिहवून घेणारा कोण, मधली ओळ नंतर तर घुसडली नाही ना, हे पाहणं म्हणजे माझी नोकरी. ही सवय घरी येताना दप्तरखान्याच्या खुंटीवर टांगून ठेवता येत नाही. आमचे यजमान वैतागून म्हणायचे, "अगं, शेजारणीने वाटीभर खीर दिली तर खीर खा. तिच्या मनात काय आहे ते शोधत बसू नकोस." मी खीर खायची, पण शोधायचीही.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि बोरू न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घ नाही, पूर्णविराम नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि चुकीच्या जागी तोडला तर एखाद्याची जमीन चुलतभावाकडे जाते. आमचे काळेसाहेब नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस एक अक्षर वाचू देत नसत. "आधी कागदाची पाठ, मग पोट," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कागद आधी उलटा करायचा. घड्या कुठे पडल्यात, शाई कुठे पाझरलीय, कसरीने खाल्लेलं भोक सगळ्या पानांवर एकाच जागी आहे का, ते बघायचं. एकदा दोन भाऊ वतनाचा फार जुना कागद घेऊन आले. अक्षर झकास, शिक्का झकास. मी कागद उलटा केला आणि नाकाशी नेला. चहाचा वास येत होता. "आलं घातलं होतं का?" असं विचारल्यावर धाकटा भाऊ चक्क हसला, थोरला कागद घेऊन निघून गेला.

यजमानांची जर्मनीत गेर्लिंगेनला बदली झाली तेव्हा मी नोकरी सोडली. आमची ऋचा तेव्हा नऊ वर्षांची होती. जर्मनीतलं पहिलं वर्ष मी शेजाऱ्यांवर संशय घेण्यात घालवलं आणि शेजाऱ्यांनी माझ्यावर. आमच्या कचऱ्याच्या पिशव्या कोणीतरी उघडून बघत असे. कांद्याची सालं कुठल्या डब्यात टाकलीत याची नोंद ठेवणारा माणूस तळमजल्यावर राहतो, हे शोधून काढायला मला चार महिने लागले. शोधल्यावर मात्र त्याच्याबद्दल थोडा आदरच वाटला. हा आपल्याच धंद्यातला माणूस, असं वाटलं.

पुढे गावच्या प्रौढ वर्गात 'जुनी जर्मन हस्ताक्षरं वाचायला शिका' अशी पाटी दिसली आणि मी नाव घातलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जर्मन माणूस ज्या लिपीत पत्रं लिहायचा तिला कुरेंट म्हणतात. आजच्या जर्मन माणसाला ती येत नाही. आजोबांची पत्रं घरात असतात, पण नातवाला त्यातलं अक्षर लागत नाही. वर्गातल्या बाकी बायका कपाळाला हात लावून बसल्या होत्या. n, u आणि e तिघंही सारखेच, नुसते दातेरी. मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. शिकवणाऱ्या बाईंनी तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "तुम्ही हे आधी कुठे शिकलात?" मी म्हटलं, "पुण्यात." त्यांचा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे मला आवडलं.

त्यांच्याच ओळखीने जवळच्या एका गावाच्या अभिलेखागारात मला आठवड्यातून दोन दिवसांची मिनीजॉब, म्हणजे छोटी अर्धवेळ नोकरी, मिळाली. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले प्रमुख फोग्ट, जर्मनमध्ये हेर फोग्ट म्हणजे फोग्टसाहेब, सायकलवरून यायचे, डब्यातलं सफरचंद बरोबर साडेदहाला खायचे आणि प्रत्येक गोष्टीला "गेनाऊ" म्हणायचे, म्हणजे 'अगदी बरोबर'. लोक कागद घेऊन यायचे आणि मी वाचून द्यायचे. माणसं सगळीकडे सारखीच. एक गृहस्थ पणजोबांचा कागद चामड्याच्या पाकिटात घालून आले. त्यात आपल्या घराण्याची गढी सापडेल अशी त्यांची खात्री होती. कागद शेजाऱ्याच्या बदकाबद्दलच्या तक्रारीचा निघाला. ते म्हणाले, "पुन्हा एकदा नीट वाचा." मी वाचलं. बदकच होतं.

आणि मग फ्राऊ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ, ओठ घट्ट मिटलेल्या. लग्न केलेलं नाही, मागे कोणी नाही. दोरा गुंडाळून उशीच्या पांढऱ्या अभ्र्यात बांधलेली पत्रं त्यांनी टेबलावर ठेवली. मला आमच्या दप्तरखान्यातले रुमाल आठवले, कागदांची गाठोडी आम्ही अशीच फडक्यात बांधायचो. पत्रं होती त्यांच्या पणजीच्या भावाची. गोटलीब त्याचं नाव. एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला गेला, तिथे वकील झाला आणि पुढे कायदेमंडळात निवडून आला. गावाबाहेर नवी घरं बांधत होते, तिथल्या एका गल्लीला गोटलीबचं नाव द्यावं असा अर्ज फ्राऊ हेबर्लेंनी केला होता. ग्रामसभेने हेर फोग्टना अहवाल मागितला, हेर फोग्टनी पत्रं माझ्याकडे सरकवली.

"माझ्या डोळ्यांदेखत पाटी लागली पाहिजे," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. "माझ्यानंतर त्याची आठवण काढायला कोणी नाही." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "पत्रं मोजून घेतली ना? मी मोजलीत."

आपल्यावर असा उघड संशय घेणारी बाई मला फार दिवसांनी भेटली. मी पत्रं मोजली. बावीस होती. मग सवयीने पाठी बघितल्या. गोटलीबने प्रत्येक पत्राच्या पाठीवर कोपऱ्यात क्रमांक घातला होता, समुद्रात एखादं बुडालं तर कळावं म्हणून. शेवटचा क्रमांक तेवीस. नऊ नंबरचं पत्र नव्हतं.

मी फोन करून विचारलं. "युद्धात गेलं," उत्तर आलं, जरा जास्तच चटकन. युद्धाने एका गठ्ठ्यातून नेमकं नववं पत्र उचलून न्यावं, हे मला पटलं नाही. आठ आणि दहाच्या कडांवर दोऱ्याचा वळ सारखाच होता, म्हणजे मधलं पत्र कोणीतरी सावकाश, दोरा सोडून काढून घेतलं होतं. बाई काहीतरी दडवते आहे हे मी डोक्यात पक्कं करून वाचायला बसले.

आणि गोटलीब मला आवडू लागला. माझ्या धंद्यात हे बरं नाही. तो एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करायचा आणि तिथेच चुलीशेजारी झोपायचा. कायद्याची दोन पुस्तकं होती, ती त्याने पाठ केली. परीक्षा म्हणजे न्यायाधीशाने दाढी करता करता विचारलेले तीन प्रश्न. मग घोड्यावरून फिरती वकिली. न्यायाधीश आणि वकील एकत्रच गावोगाव जायचे, एकाच पलंगावर तिघे झोपायचे आणि सकाळी उठून एकमेकांशी भांडायचे. कोर्ट दुकानाच्या माडीवर, पंच विचार करायला तबेल्यात. खटले कसले, तर डुकरं कोणाची. ज्याच्या त्याच्या डुकराच्या कानाला वेगळी खाच असायची आणि खाच नवी की जुनी यावर दिवसभर वाद चालायचा. सरकारी जमिनीवर हक्क सांगायला बारा बाय चौदाचं घर बांधल्याची शपथ घ्यावी लागे. गोटलीबच्या एका अशिलाने बारा इंच बाय चौदा इंचाचं खोकं शेतात ठेवलं आणि शपथ घेतली. 'बारा बाय चौदा' म्हणताना फूट की इंच हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. गोटलीबने त्याच्या बाजूने भांडून खटला जिंकला. मी एकटीच मोठ्याने हसले आणि हेर फोग्टनी सफरचंद खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

आठव्या पत्रात तो निवडणुकीच्या तयारीत होता. जर्मन लोकांना जर्मनमध्ये एक सांगायचा, इतरांना इंग्रजीत दुसरंच. दहावं पत्र मात्र चारशे मैल दूरच्या नव्या गावाहून आलं होतं. त्याची पहिली ओळ होती, 'मागच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे मी कोर्टापुढे उभा राहिलो.' मी अहवालात लिहिलं की तो वकील म्हणून कोर्टात उभा राहिला, मोठा खटला असावा, आणि त्यानंतर नव्या प्रांतात जाऊन आमदार झाला. हेर फोग्टनी मूळ ओळ न बघता "गेनाऊ" म्हटलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

अहवालाची प्रत घरी जेवणाच्या टेबलावर पडली होती. ऋचा तेव्हा तेरा वर्षांची होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. पानावर उतरवलेल्या मूळ ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "मामा, हे चूक आहे." जर्मनमध्ये मामा म्हणजे आई.

"काय चूक आहे? वकील कोर्टात उभा राहतो."

"मराठीत राहत असेल," ती जर्मनमध्ये म्हणाली. "इथे कोर्टापुढे आरोपी उभा राहतो. ज्याने काहीतरी केलंय तो."

मी ती ओळ पुन्हा वाचली. आपल्याकडे वकील उभा राहतो, उमेदवार उभा राहतो, आरोपीही उभा राहतो. एका क्रियापदात आपण सगळ्यांना उभं करतो. मी पत्राच्या घड्यांवर, दोऱ्यावर, त्या म्हातारीवर, सगळ्यांवर संशय घेतला होता. स्वतःच्या मराठीवर घ्यायचा राहिला. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला तेरा वर्षांच्या पोरीने पकडलं याची मला मनस्वी लाज वाटली.

ग्रामसभा आठवड्यावर आली होती. हेर फोग्टना सांगण्याआधी मी फ्राऊ हेबर्लेंकडे गेले. चूक सांगितली आणि म्हटलं, "नववं पत्र युद्धात गेलेलं नाही."

त्या उठल्या. मग आत जाऊन प्रार्थनेच्या पुस्तकातून घडी केलेला कागद घेऊन आल्या. "आईने मरताना दिला. हा कोणाला दाखवायचा नाही, म्हणाली. मी शाळेत गेले त्याच वर्षी जुनी लिपी बंद झाली. मला यातलं एक अक्षर येत नाही. आई गेल्यापासून हे माझ्याकडे आहे, आणि त्यात काय आहे हे मला माहीत नाही. मला वाटतं त्याने कोणाला तरी मारलं." त्यांचे हात थरथरत होते. "वाचा. पण जे लिहिलंय तेच वाचताय, हे मला कसं कळणार?"

"कळणार नाही," मी म्हटलं. "माझ्यावर भरवसा ठेवावा लागेल."

मी मोठ्याने वाचू लागले. खून नव्हता. एक जर्मन विधवा होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. तिच्या शेताशेजारी नवं कोर्ट बांधायचं ठरत होतं आणि ही बातमी गोटलीबला आधी कळली होती. त्याने इंग्रजीत कागद केला आणि जर्मनमध्ये तिला वाचून सांगितला. 'कागद विक्रीचा होता,' त्याने लिहिलं होतं. 'तिला वाटलं शेत खंडाने कसायला देण्याचा आहे.' पुढची ओळ नेमकी घडीवर आली होती आणि तिथे कागदाला भोक पडलं होतं. 'इश हाबे', मग भोक, मग 'झो फेरलेझेन'. आणि त्यापुढे, 'तिने फुली मारली. खोलीत दोन्ही भाषा येणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून पंचांनी मला सोडलं.'

इथे थोडं थांबून सांगायला हवं. फेरलेझेन म्हणजे वाचून दाखवणं. पण त्याआधी 'मिश' हा एक बारकासा शब्द आला की अर्थ होतो वाचताना चुकणं. भोकात 'मिश' असेल तर ओळ होते, 'मी वाचताना असा चुकलो.' भोकात 'ईअर्स' असेल तर ओळ होते, 'मी तिला ते असं वाचून दाखवलं,' म्हणजे जाणूनबुजून. पहिला माणूस गलथान. दुसऱ्याने एका विधवेचं शेत ढापलं. दोन्ही शब्द चार अक्षरांचे, mich आणि ihrs, आणि दोन्हींत एक h आहे.

फ्राऊ हेबर्ले माझ्या तोंडाकडे बघत होत्या. भोकाच्या डाव्या कडेखाली शाईची एक बारीक रेघ लोंबत होती. मी न थांबता वाचलं, "इश हाबे मिश झो फेरलेझेन."

"चुकला," त्या म्हणाल्या. "नुसता चुकला?" आणि रडू लागल्या. त्यांनी माझा हात धरला तो कितीतरी वेळ सोडला नाही.

मी अहवाल दुरुस्त केला. खटल्याची हकीकत खरी लिहिली, आणि भोकाच्या जागी 'मिश' चौकोनी कंसात घातलं. वाचणाऱ्याने स्वतः भरलेला शब्द कंसात घालायचा अशी आमच्या धंद्याची रीत आहे, त्यामुळे माझ्यावर कोणाला बोट ठेवता आलं नसतं. हेर फोग्टनी विचारलं, "हे कंसातलं नक्की ना?" मी म्हटलं, "हो." ग्रामसभा म्हणाली, चूक कोणाची होत नाही? शिवाय पंचांनी सोडलेलं आहे. पाटी लागली. फ्राऊ हेबर्लेंनी केक आणला होता. मी दोन तुकडे खाल्ले, आणि त्या दिवशी यजमान टोकायला शेजारी नसतानाही केक देणाऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार केला नाही.

पंधरा दिवसांनी त्या अभिलेखागारात आल्या. म्हणाल्या, "मला ती लिपी शिकवा. तुमच्यावर विश्वास आहे, पण मला ती स्वतः वाचायची आहेत." मी आनंदाने हो म्हटलं. खरं तर नाही म्हणायला हवं होतं.

दर मंगळवारी त्या यायच्या, वही आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन. मी मोडी शिकवतात तशीच शिकवली. आधी कागदाची पाठ बघायची, मग एकेक अक्षर गिरवायचं. h ला कुरेंटमध्ये वर एक फास आणि ओळीखाली लांब शेपूट असतं. "बाकी सगळं पुसलं तरी ओळीखालचं शेपूट उरतं," मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. हिवाळाभर त्यांनी पहिली आठ पत्रं वाचली. डुकरांच्या कानांच्या खाचांवर त्या माझ्यासारख्याच हसल्या.

मग एका मंगळवारी त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडून नववं पत्र बाहेर काढलं. ओळीवर बोट फिरवत त्या भोकापाशी आल्या आणि थांबल्या. भिंग मागितलं. मी दिलं.

"हे शेपूट आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं.

"h चं. ते इथे डावीकडे आहे." त्यांनी वहीत 'मिश' लिहून पाहिलं. m रुंद, मग i, मग c, आणि h अगदी उजव्या टोकाला. मग त्याखाली 'ईअर्स' लिहिलं. h दुसराच. दोन्ही शब्द त्यांनी भोकाशेजारी धरून पाहिले, एकदा, दोनदा. ती बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चार महिन्यांत जे शिकली ते आमच्या दप्तरखान्यातल्या काही जणांना चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

"तुम्ही हे पाहिलं होतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. मी म्हटलं, "त्या आठवड्यात मी स्वतः वाचताना चुकले होते. तोही चुकलेला असावा असं मला वाटत होतं. आणि तुमचे हात थरथरत होते."

"त्या बाईचेही थरथरत असतील," फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. "फुली मारताना."

एवढं बोलून त्यांनी पत्र घडी करून पुस्तकात ठेवलं, कोट घातला आणि त्या गेल्या. मला काळेसाहेब आठवले. त्यांनी शिकवलेलं सगळं मी पाळलं होतं, कंससुद्धा घातला होता, आणि तरी जे त्या वकिलाने केलं तेच मी केलं होतं. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्या तोंडाकडे बघत मला हवं ते वाचलं. त्याने शेतासाठी केलं, मी मायेपोटी केलं, असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालून पाहिली. ती काही पटली नाही.

मी हेर फोग्टना जाऊन सगळं सांगितलं आणि अहवाल बदलला. त्यांनी सफरचंद अर्धवट ठेवलं आणि त्या दिवशी एकदाही "गेनाऊ" म्हटलं नाही. ग्रामसभेपुढे पाटी काढण्याचा अर्ज गेला, तो मात्र माझा नव्हता. फ्राऊ हेबर्लेंनी स्वतः केला होता. आता त्या गल्लीला एका झुडपाचं नाव आहे. जर्मन लोक अडचणीत आले की गल्लीला झुडपाचं नाव देतात. झुडपाने कोणाचं शेत घेतलेलं नसतं.

त्यानंतरच्या मंगळवारी त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. तरी मी दोन खुर्च्या ओढून ठेवल्या. दहाच्या ठोक्याला दार उघडलं. कोट, वही, दोन पेन्सिली आणि उशीचा अभ्रा. त्या बसल्या, दहा नंबरचं पत्र त्यांनी स्वतःपुढे ठेवलं, आणि मी सवयीने हात पुढे केला तो बाजूला सारला.

"आजपासून मी वाचणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐका."

मी अजून ऐकते आहे. त्या बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर वाचतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.